सरासरी विचलन : सरासरीने झाकलेले अंतर मोजण्याचा एक पाठ

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की पालक, माजी विद्यार्थी आणि संस्थेचे हितचिंतक एकच प्रश्न विचारतात : वर्गाची सरासरी किती? प्रश्न रास्त आहे. पुष्कळ संख्यांचे सार एकाच संख्येत सांगण्याची सोय सरासरीमुळे होते. दरडोई उत्पन्न, साक्षरतेचे प्रमाण, पर्जन्यमान, धान्याचे हेक्टरी उत्पादन या सर्व संख्या सरासरीच्याच आहेत. सरकारी अहवाल, वृत्तपत्रे आणि निवडणुकीची भाषणे सरासरीच्या आधारे बोलतात.

परंतु सरासरी एक गोष्ट सांगत नाही. तिच्याभोवती माणसे किती जवळ आणि किती दूर उभी आहेत, हे तिच्याकडून कळत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सरासरीच्या फार खाली आयुष्य काढले, त्या समाजातील वाचकाने तरी सरासरी ऐकून समाधान मानू नये. तिच्यासोबत दुसरी एक संख्या मागितली पाहिजे. त्या दुसऱ्या संख्येचे नाव ‘सरासरी विचलन’. ती काढण्यास बेरीज, वजाबाकी आणि भागाकार एवढेच लागते. सातवी-आठवीतील मुलाला ती येते आणि मुलाच्या आजोबांनाही समजते. या लेखात प्रथम तिची रीत पाहू, मग तिचा अर्थ, आणि त्यानंतर आपल्या इतिहासातील एका प्रत्यक्ष सारणीला ती लावून पाहू.

१. दोन पंगती

समजा, जेवणाच्या दोन पंगती आहेत. प्रत्येक पंगतीत पाच मुले आणि एकूण पंधरा भाकरी आहेत. पहिल्या पंगतीत वाटणी अशी झाली :

३, ३, ३, ३, ३

दुसऱ्या पंगतीत अशी झाली :

७, ५, २, १, ०

दोन्ही पंगतींची बेरीज १५ आहे आणि मुले ५ आहेत. म्हणून दोन्हीकडे सरासरी ३ भाकरी येते. वाढप्याने वहीत केवळ ‘दर मुलामागे ३ भाकरी’ असे लिहिले, तर त्यात खोटे काहीच नाही. मात्र दुसऱ्या पंगतीत एक मूल उपाशी उठले, ही गोष्ट त्या नोंदीतून बाहेर राहिली. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या पंगतीतील एकाही मुलाच्या ताटात ३ भाकरी नाहीत. ती सरासरी पंगतीची आहे, पंगतीतील कोणाचीच नाही.

या दोन पंगतींतील फरक संख्येत कसा सांगावा? सर्वात मोठ्या संख्येतून सर्वात लहान संख्या वजा केली तर ‘विस्तार’ मिळतो. येथे तो पहिल्या पंगतीचा ० आणि दुसऱ्या पंगतीचा ७ आहे. विस्तार काढणे सोपे असते; पण तो दोन टोकांकडेच पाहतो, मधल्या तिघांचे काय झाले याची त्याला पर्वा नसते. प्रत्येक मुलाची दखल घेणारे माप हवे असेल, तर सरासरी विचलनाकडे यावे लागते.

२. रीत

पायरी पहिली : सरासरी काढावी. १५ ÷ ५ = ३.

पायरी दुसरी : प्रत्येक संख्येतून सरासरी वजा करावी. या वजाबाकीस त्या संख्येचे विचलन म्हणतात.

७ − ३ = +४
५ − ३ = +२
२ − ३ = −१
१ − ३ = −२
० − ३ = −३

येथे एक अडचण येते. या विचलनांची बेरीज केली तर अधिक बाजूला ६ आणि उणे बाजूला ६ येऊन उत्तर शून्य होते. हा योगायोग नाही. सरासरी ही संख्यांच्या तराजूचा तोलबिंदू असते. तिच्या वरच्या बाजूला जितके जास्त असते, तितकेच खालच्या बाजूला कमी असते. त्यामुळे कोणताही संच घेतला तरी सरासरीपासूनच्या विचलनांची बेरीज शून्यच येते. ज्याच्याकडे जास्त आहे त्याचे जास्त आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याचे कमी, दोन्ही परस्परांना पुसून टाकतात व हिशेब चोख दिसतो.

पायरी तिसरी : म्हणून चिन्हे सोडून केवळ अंतरे घ्यावीत. गणितात यास केवल मूल्य म्हणतात. सरासरीपासून चार पावले वर आणि चार पावले खाली, दोन्ही अंतरे चारच. आपली अंतरे झाली ४, २, १, २, ३.

पायरी चौथी : या अंतरांची बेरीज करून संख्यांच्या संख्येने भागावे.

४ + २ + १ + २ + ३ = १२
१२ ÷ ५ = २.४

दुसऱ्या पंगतीचे सरासरी विचलन २.४ भाकरी आहे. पहिल्या पंगतीत सर्व अंतरे शून्य असल्याने तेथे सरासरी विचलन ० आहे. आता वाढप्याच्या वहीत दोन नोंदी होतील : ‘सरासरी ३, सरासरी विचलन ०’ आणि ‘सरासरी ३, सरासरी विचलन २.४’. दोन पंगती पुन्हा एकसारख्या दिसणार नाहीत.

आणखी एक भागाकार करून ठेवणे उपयोगी असते. सरासरी विचलनास सरासरीने भागले की सरासरी विचलनाचा गुणांक मिळतो. येथे २.४ ÷ ३ = ०.८. हा गुणांक भाकरी, रुपये, गुण अशा कोणत्याही एककात नसतो. त्यामुळे वेगवेगळ्या गोष्टींतील विषमता परस्परांशी ताडून पाहता येते. पुढे आपल्याला तो लागणार आहे.

३. अर्ध्या बेरजेचा अर्थ

सरासरी विचलन काढताना आलेली १२ ही बेरीज पुन्हा पाहू. तिचा अर्धा भाग ६ आहे. या सहाला सरळ अर्थ आहे. पहिल्या दोन मुलांकडे समान वाट्याहून ४ आणि २ अशा एकूण ६ भाकरी जास्त आहेत. शेवटच्या तिघांकडे १, २ आणि ३ अशा एकूण ६ भाकरी कमी आहेत. म्हणजे सर्वांना समान वाटा मिळण्यासाठी एका हातातून दुसऱ्या हातात किती भाकरी जायला हव्यात, हे अंतरांच्या बेरजेचा अर्धा भाग सांगतो. पंधरापैकी सहा, म्हणजे ४० टक्के भाकरींची जागा चुकली आहे. गुणांकाचा अर्धा भागही ०.४ येतो, तो हीच गोष्ट सांगतो.

या मापाचा हा गुण मला सर्वात मोलाचा वाटतो. प्रमाण विचलन हे अधिक प्रचलित माप आहे. त्यात अंतरांचे वर्ग करून सरासरी घेतात आणि शेवटी वर्गमूळ काढतात. आपल्या पंगतीसाठी ते सुमारे २.६१ येते. उच्च संख्याशास्त्रात त्याची उपयुक्तता मोठी आहे. परंतु २.६१ या संख्येकडे पाहून ‘किती भाकरी इकडून तिकडे द्याव्या लागतील’ याचे उत्तर थेट मिळत नाही. सरासरी विचलन ते उत्तर देते.

४. सर्वांना सारखे वाढले तर

आता समजा, दुसऱ्या पंगतीसाठी आणखी पाच भाकरी आल्या. त्या वाढण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा : कोणाबद्दलही आपपरभाव नको म्हणून प्रत्येकाला एकेक भाकरी वाढली. पंगत झाली ८, ६, ३, २, १. बेरीज २० आणि सरासरी ४. अंतरे पुन्हा ४, २, १, २, ३. सरासरी विचलन पुन्हा २.४. सरासरी वाढली, उपाशी मुलाला एक भाकरी मिळाली, हे चांगलेच झाले, गुणांकही ०.८ वरून ०.६ वर आला. पण अंतर तसूभरही हलले नाही. पहिल्या आणि शेवटच्या मुलात पूर्वी सात भाकरींचा फरक होता, आताही सातच आहे. संचातील प्रत्येक संख्येत एकच संख्या मिळवली तर सरासरी विचलन बदलत नाही, असा हा नियम आहे.

दुसरी तऱ्हा : त्याच पाच भाकरी खालच्या तिघांना १, २, २ अशा वाढल्या. पंगत झाली ७, ५, ३, ३, २. बेरीज २०, सरासरी ४. अंतरे ३, १, १, १, २. त्यांची बेरीज ८. सरासरी विचलन १.६ आणि गुणांक ०.४. वरच्या दोघांच्या ताटातील एकही भाकरी कोणी घेतली नाही. तरीही अंतर एक तृतीयांशाने घटले.

भाकरी दोन्ही वेळा पाचच होत्या. सरासरी दोन्ही वेळा चारच आली. केवळ सरासरी पाहणाऱ्यास या दोन तऱ्हांत भेद दिसणार नाही. ‘सर्वांना सारखे द्या, म्हणजे समता होईल’ हे म्हणणे ऐकायला न्याय्य वाटते. मात्र आधीच विषम असलेल्या पंगतीत सारखे वाढल्याने अंतर कायम राहते, हे या छोट्या हिशेबावरून सिद्ध होते. विशेष सवलती व शिष्यवृत्ती कशासाठी, असे कोणी विचारल्यास हा पाच ताटांचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. वादाचा आवाज वाढवण्याची गरज पडत नाही.

५. मुंबई कायदे कौन्सिल, १२ मार्च १९२७

ही रीत आता इतिहासातील एका सारणीला लावू. १२ मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. ते तेव्हा कौन्सिलाचे नव्याने नियुक्त झालेले सदस्य होते. त्या भाषणात त्यांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणाचे आकडे सभागृहापुढे ठेवले. शिक्षणखात्याने लोकसंख्येचे चार वर्ग केले होते : पुढारलेले हिंदू, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग, अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि तत्कालीन सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती यांचा मागासलेला वर्ग, आणि मुसलमान. लोकसंख्येत मधला वर्ग पहिला, मागासलेला दुसरा, मुसलमान तिसरे आणि पुढारलेले हिंदू चौथे होते. शिक्षणातील आकडे मात्र असे होते :

प्राथमिक शिक्षण, दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी :
पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८, मागासलेला वर्ग १८.

माध्यमिक शिक्षण, दर लाख लोकसंख्येमागे :
पुढारलेले हिंदू ३०००, मुसलमान ५००, मधला वर्ग १४०, मागासलेला वर्ग १४.

महाविद्यालयीन शिक्षण, दर दोन लाख लोकसंख्येमागे :
पुढारलेले हिंदू १०००, मुसलमान ५२, मधला वर्ग १४, मागासलेला वर्ग शून्य, म्हणजे जवळजवळ कोणीच नाही.

चार संख्यांचा एक, असे तीन लहान संच आपल्यापुढे आहेत. क्रमाने हिशेब करू.

प्राथमिक : बेरीज २६७, सरासरी ६६.७५. अंतरे ५२.२५, २५.२५, २८.७५, ४८.७५, त्यांची बेरीज १५५. सरासरी विचलन १५५ ÷ ४ = ३८.७५. गुणांक ३८.७५ ÷ ६६.७५ = सुमारे ०.५८.

माध्यमिक : बेरीज ३६५४, सरासरी ९१३.५. अंतरे २०८६.५, ४१३.५, ७७३.५, ८९९.५, बेरीज ४१७३. सरासरी विचलन १०४३.२५. गुणांक सुमारे १.१४.

महाविद्यालयीन : बेरीज १०६६, सरासरी २६६.५. अंतरे ७३३.५, २१४.५, २५२.५, २६६.५, बेरीज १४६७. सरासरी विचलन ३६६.७५. गुणांक सुमारे १.३८.

तिन्ही सारण्यांचा पाया वेगळा आहे : हजार, लाख आणि दोन लाख. त्यामुळे ३८.७५, १०४३.२५ आणि ३६६.७५ या संख्या एकमेकींशी ताडता येत नाहीत. गुणांक मात्र ताडता येतात, कारण पाया बदलला तरी ते बदलत नाहीत. शेवटची सारणी दर लाखाची करून पाहावी : ५००, २६, ७, ०. सरासरी आणि सरासरी विचलन दोन्ही निम्मे होतात, गुणांक तोच राहतो.

म्हणून आता वाचावयाचे ते तीन गुणांक : ०.५८, १.१४, १.३८. शिक्षणाची पायरी जितकी वरची, तितकी विषमता मोठी. चार संख्यांच्या संचात हा गुणांक जास्तीत जास्त १.५ होऊ शकतो. तो तेव्हाच होतो, जेव्हा सर्व काही एकाच्या हाती आणि उरलेल्या तिघांच्या हाती शून्य असते. महाविद्यालयाच्या दारात तत्कालीन समाज त्या टोकाच्या अगदी जवळ उभा होता.

आणखी एक गोष्ट चिन्हे पाहिल्यावर दिसते. प्राथमिक शिक्षणात दोन वर्ग सरासरीच्या वर आणि दोन खाली आहेत. माध्यमिक शिक्षणात एकच वर्ग वर आहे आणि तिघे खाली आहेत. प्राथमिकमध्ये वर असलेले मुसलमानही येथे खाली उतरले. महाविद्यालयातही तेच चित्र आहे. पहिल्या व शेवटच्या वर्गातील प्रमाण प्राथमिकमध्ये साडेसहा पटींचे, माध्यमिकमध्ये दोनशे चौदा पटींचे आहे. महाविद्यालयात तर शून्याने भागता येत नसल्याने पटच सांगता येत नाही. चारही वर्ग एकाखाली एक पायऱ्यांवर उभे आहेत. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विवेचन आयुष्यभर केले, तिचे हे अंकांतील रूप होय.

येथे एक सावधगिरी बाळगावी. वरील सरासरी ही चार वर्गांच्या प्रमाणांची सरासरी आहे, इलाख्यातील सर्व माणसांची नाही. चारही वर्गांची लोकसंख्या सारखी नव्हती; ज्या वर्गाचे आकडे सर्वात मोठे, तोच लोकसंख्येत सर्वात लहान होता. माणसागणिक सरासरी काढायची झाल्यास प्रत्येक वर्गाला त्याच्या लोकसंख्येचे वजन द्यावे लागेल. आपण केलेला हिशेब वर्गावर्गांतील अंतर मोजतो, आणि त्यापुरताच त्याचा अर्थ घ्यावा.

त्या भाषणात बाबासाहेबांनी या आकड्यांवरून जो निष्कर्ष काढला, त्याचा आशय आपल्या पंगतीच्या उदाहरणाशी तंतोतंत जुळतो. निरनिराळे समाज समान पातळीवर आणावयाचे असतील, तर सर्वांना सारखी वागणूक देऊन ते होणार नाही. जे पातळीच्या खाली आहेत त्यांना अधिक दिले पाहिजे, असे त्यांनी मांडले. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे आणि खालच्या वर्गांसाठी ते शक्य तितके स्वस्त असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. चारही वर्गांत दर हजारी दहा विद्यार्थी वाढले असते, तर सारणी १२९, १०२, ४८, २८ झाली असती आणि सरासरी विचलन ३८.७५ च राहिले असते. खात्याच्या अहवालात प्रगती दिसली असती, अंतर तसेच राहिले असते.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. इतिहासाच्या पुस्तकात महाड येते; कौन्सिलातील आकडे बहुधा येत नाहीत. पण दोन्ही घटना एकाच लढ्याच्या आहेत. सार्वजनिक तळे आणि सार्वजनिक शाळा, दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : जे सर्वांचे म्हणून सांगितले जाते, त्यात आपला वाटा प्रत्यक्षात किती?

६. अंतर कोठे वाढत होते?

गुणांक ०.५८ वरून १.१४ वर उडी घेतो, ती जागा प्राथमिक व माध्यमिक यांच्यामधली आहे. त्या काळी प्राथमिक शाळा गावात असे; माध्यमिक शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असे. अस्पृश्य मुलाने चौथी पूर्ण केली तरी पुढे शहरात राहायचे कोठे, जेवायचे कोठे, हा प्रश्न अभ्यासापूर्वी उभा राही. खोली भाड्याने मिळत नसे, खाणावळीत प्रवेश नसे. बुद्धी असूनही वाट तेथेच संपे.

हे ओळखूनच वसतिगृहांचे काम सुरू झाले. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह काढले. सभा स्थापन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, अशी ही वाटचाल झाली. पायऱ्यांचा क्रम लक्षात घ्यावा. जेथे गुणांक सर्वात मोठा, त्या महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत ही चळवळ पोहोचली. आपल्यासारख्या निवासी शाळा याच परंपरेतील आहेत. दोन वेळचे जेवण, झोपायला जागा आणि रात्री अभ्यासाला दिवा, या गोष्टी शिक्षणाच्या बाहेरच्या मानल्या जातात; पण अंतर नेमके त्यांच्याच अभावी वाढत होते.

७. दोन संख्यांचा संच

संच दोनच संख्यांचा असेल, तर सरासरी विचलन म्हणजे त्या दोहोंतील फरकाचा अर्धा भाग. आपल्याच समाजासंबंधीचे एक उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार भारतातील अनुसूचित जातींमधील साक्षरता (सात वर्षे व त्यावरील वय) अशी होती :

२००१ : पुरुष ६६.६४ टक्के, स्त्रिया ४१.९० टक्के.
२०११ : पुरुष ७५.१७ टक्के, स्त्रिया ५६.४६ टक्के.

२००१ साठी सरासरी ५४.२७, फरक २४.७४, म्हणून सरासरी विचलन १२.३७ आणि गुणांक सुमारे ०.२३. २०११ साठी सरासरी सुमारे ६५.८२, फरक १८.७१, सरासरी विचलन सुमारे ९.३६ आणि गुणांक सुमारे ०.१४. सरासरी वाढली आणि अंतर घटले, म्हणजे या दहा वर्षांत मुलींकडे तुलनेने अधिक गेले. ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही २०११ मध्ये स्त्रियांचे प्रमाण दहा वर्षांपूर्वीच्या पुरुषांच्या प्रमाणापेक्षा सुमारे दहा टक्केबिंदूंनी कमीच होते. समाजाबाहेरच्या विषमतेचा हिशेब मागणाऱ्याने घरातल्या विषमतेचाही हिशेब याच रीतीने ठेवावा.

जनगणनेने या दोन वर्षांचे स्त्री-पुरुष मिळून दिलेले आकडे ५४.६९ आणि ६६.०७ आहेत. आपल्या सरासरीपेक्षा ते किंचित वेगळे आहेत, कारण स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी नाही. वजन देण्याविषयी वर सांगितलेली सावधगिरी येथे पुन्हा दिसते.

८. या मापाच्या मर्यादा

कोणतेही माप सर्व काही सांगत नाही. सरासरी विचलनाच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, ते चिन्हे पुसून टाकते. कोण वर आणि कोण खाली हे त्याच्या उत्तरात राहत नाही. म्हणून अंतरे काढण्यापूर्वीची चिन्हांसह विचलने वहीत लिहून ठेवावीत. हिशेबासाठी चिन्ह सोडावे, विसरू मात्र नये.

दुसरी, अंतर सरासरीपासून मोजावे की मध्यकापासून, हा प्रश्न उरतो. संख्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या म्हणजे मध्यक. आपल्या पंगतीचा मध्यक २ आहे. त्यापासूनची अंतरे ५, ३, ०, १, २, बेरीज ११, आणि मध्यकापासूनचे सरासरी विचलन २.२. अंतरांची बेरीज मध्यकापासून मोजल्यास सर्वात लहान येते, म्हणून पुष्कळ ग्रंथकार मध्यक पसंत करतात. परंतु प्रश्न समान वाट्याचा असेल तेव्हा सरासरीच घ्यावी, कारण समान वाटा म्हणजेच सरासरी.

९. आपल्या शाळेसाठी

दोन तुकड्यांची सरासरी ६० टक्के आहे असे समजा. एकीचे सरासरी विचलन ५ आणि दुसरीचे २० आहे. पहिल्या तुकडीत बहुतेक मुले एकमेकांच्या जवळ आहेत. एक पाठ सर्वांना पुरेल. दुसऱ्या तुकडीत काही मुले पुढे निघून गेली आहेत आणि काही फार मागे राहिली आहेत. तेथे रात्रीच्या अभ्यासिकेत मागच्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक लागेल. सरासरी पाहून दोन्ही तुकड्यांना सारखेच शिक्षक दिले, तर चौथ्या भागातील पहिल्या तऱ्हेचाच कित्ता आपण गिरवू.

म्हणून पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेला सरासरीसोबत हा दुसरा आकडा विचारावा, आणि शाळेने तो दरवर्षी सांगावा. गुणवत्ता यादीतील एका नावाने शाळेचे नाव होते. पण शाळा ज्यांच्यासाठी काढली, ती मुले यादीच्या शेवटी असतात. त्यांचे अंतर घटले का, हा आपल्या कामाचा खरा निकाल आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे विसंगतीचे जीवन आपण सुरू करीत आहोत, आणि ती विसंगती लवकरात लवकर दूर केली पाहिजे. मतपेटीत प्रत्येकाचे मत एकच असल्याने तेथे सरासरी विचलन शून्य आहे. ताटात, वर्गात आणि वेतनात ते किती आहे, हे मोजत राहणे आपल्या हाती आहे.

अभ्यासासाठी

१. सात मुलांनी एका सत्रात ग्रंथालयातून नेलेली पुस्तके अशी : ०, १, १, २, ४, ६, १४. सरासरी, सरासरी विचलन आणि गुणांक काढा.
२. त्याच संचात मध्यकापासूनचे सरासरी विचलन काढा.
३. प्रत्येक मुलाने आणखी तीन पुस्तके नेली, तर सरासरी व सरासरी विचलन किती होईल? हिशेब न करता आधी उत्तर सांगा, मग पडताळा घ्या.
४. आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीच्या शिक्षणाची वर्षे लिहा. आजी-आजोबांच्या पिढीचा, आई-वडिलांच्या पिढीचा आणि आपल्या पिढीचा असे वेगवेगळे संच करून प्रत्येकाचे सरासरी विचलन काढा. चिन्हांसह विचलने शेजारी लिहा आणि उणे बाजूला कोण आहे ते पाहा.

उत्तरे : (१) सरासरी ४, अंतरांची बेरीज २४, सरासरी विचलन सुमारे ३.४३, गुणांक सुमारे ०.८६. (२) मध्यक २. अंतरांची बेरीज २२. सरासरी विचलन सुमारे ३.१४. (३) सरासरी ७. सरासरी विचलन तेच, सुमारे ३.४३. (४) या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने आपापले लिहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!